बाहीत राहिलेलं पीठ

— न्हाय, तू बस काकी. करंट न्हाय म्हटल्यावर उभं राहून काय होणार हाय? बस त्या रिकाम्या पोत्यावर. आणि बादली आत नको, तिथंच उंबऱ्यापाशी ठेव. गहू पळून जात न्हाईत. मला बघू दे की जरा. हिरवीगार हाय. कडी पांढरी, वर झाकण. स्टिकरसुद्धा काढला न्हाईस अजून — दहा किलो आट्यावर बादली मोफत. म्हंजे बेळगावच्या मार्टातनं तयार पीठ आणलंस, पिठावर बादली मिळाली, आणि आता त्याच बादलीत गहू घालून माझ्या आप्पांच्या, महादेवच्या गिरणीत दळायला आलीस. धन्य हाईस अक्काताई काकी. तुझा पत्र्याचा डबा कुठाय? आप्पांनी लाल रंगानं तुझं नाव लिहून दिलेलं त्याच्यावर, डबे बदलू नयेत म्हणून. त्यात जोंधळा हाय व्हय? असू दे. पंचवीस-पंचवीस डबे असायचे इथं रांगेनं, ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत, आणि शाळेतनं आले की माझं काम एकच — नावं वाचून डबे पुढं सरकवायचे. वाचायला मी शाळेत न्हाय शिकले, ह्या डब्यांवर शिकले. पहिलं अक्षर अ, अक्काताईचा अ. — हसू नको. हसण्यासारखं काय सांगितलं न्हाय मी.

पंखा? कुठला पंखा? तो शेजारच्या घरातला व्हय. तो एका फेजवर फिरतो काकी, गिरणीला तीन लागत्यात. दहा हॉर्सपॉवरची मोटर हाय ही. येईल, चारपर्यंत येईल करंट. न्हाय आला तर न्हाय. मला घाई न्हाय. तुला हाय, ते ठाऊक हाय मला. उद्या तुझ्या मंगलचं डोहाळजेवण. पोरीच्या सासरची चाळीस माणसं खानापूरहून येणार, पुरणपोळ्या करायच्या, आणि मार्टातल्या पिठाची पोळी कशी होती ते तुला संक्रांतीला कळलंय. विहीणबाईनं पोळी दोन्ही हातांनी ओढून बघितली म्हणे, सायकलची ट्यूब बघावी तशी. गावात सगळं कळतं. सव्वानऊच्या बसमधनं कोण गेलं, साडेबाराच्या बसमधनं काय घेऊन उतरलं, सगळं. आमच्या गच्चीवरनं स्टॉप दिसतो. मी बघत बसते असं न्हाय — कपडे वाळत घालायला जाते. रोज सव्वानऊला.

आता तू म्हणशील, पूर्णीला बायकांचं सुख बघवत न्हाय. तसं न्हाय हां. बायकांना बस फुकट झाली तवा ह्या गल्लीत पेढे वाटले ते मीच. आठवतंय? तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स करून, प्लास्टिकमध्ये घालून कुणी दिली तुम्हाला? मीच. मला वाटलं, बायका आता बेळगावला जातील. दवाखान्यात जातील, कचेरीत आपलं काम आपण करतील, पोरी कॉलेजला जातील, नवऱ्याकडं तिकिटाचे पैसे मागायला लागणार न्हाईत. कंडक्टर 'आधार तोरसी' म्हणतो, तू ऐटीत कार्ड दाखवतेस, तो शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात देतो — मला आनंद व्हायचा गं ते बघून. आणि तुम्ही गेलात कुठं? आटा आणायला. गावात गिरणी, गावात तेलवाला, गावात शिंपी, आणि एकतीस बायका शून्य रुपयाच्या तिकिटावर निघाल्या आटा, तेल आणि तयार परकर आणायला.

एकतीस म्हटलं की बघ कशी मान खाली घातलीस. मोजून एकतीस होत्या त्या दिवशी. विसरलीस म्हणू नको. मी तवा कडोलीच्या साहित्य संमेलनातनं आलते. एका बाईचं भाषण ऐकलेलं, गावातला पैसा गावात कसा फिरतो त्याच्यावर. रात्री झोप न्हाय लागली मला. वही घेऊन बसले. एका घरानं महिन्याला नुसते दोनशे रुपये गावात खर्च केले तर किती दुकानं जगतात, ते सगळं मांडलं. सहा दुकानं जगत होती काकी, सहा. आणि तुम्ही सगळ्या नुकत्याच सौंदत्तीहून आलता, यल्लम्माची जत्रा करून. परडीत ताजा भंडारा. देवळाच्या कट्ट्यावर मी वही वाचून दाखवली. निम्म्या जणींना आकडे कळले न्हाईत, पण टाळ्या वाजवल्या. मग मीच म्हटलं, टाळ्या नकोत, भंडारा उचला, देवीची शपथ घ्या. दळण, तेल आणि शिलाई — ह्या तीन गोष्टी गावातच करणार म्हणून उचला.

हात मागं घेतले सगळ्यांनी. घेणारच. निवडणुकीत माणसं नोट घेत्यात आणि मत दुसऱ्याला देत्यात, त्याचं कुणाला काय वाटत न्हाय. पण एकदा भंडारा उचलायला लावला की चड्डीतल्या पोरापासनं म्हाताऱ्यापर्यंत कुणी शब्द फिरवत न्हाय आपल्याकडं. म्हणूनच मी भंडारा म्हटलं. कागदावर सह्या घेतल्या असत्या तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मोडल्या असत्यात. आणि परडीत पहिला हात कुणी घातला? तू घातलास. कपाळाला लावलास, जिभेवर ठेवलास आणि म्हणालीस, पोरगी शिकल्याली हाय, आपल्या भल्याचं सांगती. तू उचललास म्हणून बाकीच्या तीस जणींनी उचलला. न्हायतर माझं कोण ऐकतंय? गिरणीवाल्याची पोरगी मी.

पाच महिने टिकला. पाच. जूनमध्ये मार्टात मोफत बादली आली.

न्हाय, बोल की. कधीपासनं बघते, नुसती पदराशी चाळा करत बसलीस. तुझं म्हणणं मला पाठ हाय तसं. मागं एकदा विहिरीवर म्हणालतीस ना — पोराचा, गुंडूचा, एकट्याचा पगार, उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओव्हरटाइम बंद झालाय, मंगलचं लग्न करून हात रिकामे झालेत, आणि बाजारात गहू घेऊन, निवडून, दळून आणण्यापेक्षा मार्टातला आटा महिन्याला दीडशे रुपयांनी स्वस्त पडतो. दीडशे. मी न्हाय म्हणत न्हाय, पडतो स्वस्त. मला हिशेब येतो. पण तुझ्या घरातनं गिरणीला महिन्याला जेवढे यायचे ना, तेवढेच ते दीडशे. तू वाचवलेस म्हंजे कुठनं वाचवलेस? आमच्या ताटातनं. असं एकतीस ठिकाणी वाचवलंत तुम्ही.

आणि आम्ही तरी एक मशीन धरून बसलोय. भीमरत्नचं काय झालं बघितलंस? ह्या गावात ज्यानं ज्यानं शाळेचा युनिफॉर्म घातलाय तो भीमरत्ननं शिवलाय. मंगलच्या लग्नात तुझ्या घरातले अकरा ब्लाउज त्यानं चार दिवसांत दिले, रात्रंदिवस बसून. त्या दोन मशीनी विकल्या त्यानं. आता कुठं उभा असतो? त्याच मार्टाच्या दारात. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, आणि आपल्या गावच्या बायकांच्या पिशव्या उघडून बिलावर शिक्का मारतो. तो शर्टसुद्धा त्याला मापात न्हाय काकी. बाह्या लोंबत्यात. शिंप्याच्या अंगावर. आणि तुम्ही त्याला म्हणता, काय भीमरत्न, बरं हाय की, एसीत उभा असतोस.

राग येणार न्हाय तर काय येणार मला? आप्पांना येत न्हाय. आप्पा म्हणत्यात, ज्याला परवडंल तिथं तो जाईल, आपण दगड धारदार ठेवायचे. अजून टाकी लावत बसत्यात दगडांना, महिन्यातनं दोनदा, गुडघे दुखत असताना. कशासाठी? दिवसाला तीन डबे येत्यात. त्या तीन डब्यांसाठी दगडाला असली धार की तांदूळ घातला तर पावडरसारखं पीठ पडंल. मी म्हटलं, आप्पा, राहू द्या. त्यांना ऐकूच येत न्हाय. खरंच येत न्हाय. चाळीस वर्षं मशीनीपाशी उभं राहून कान गेलेत. आता मागच्या खोलीत झोपलेत, मी इथं बोंबलले तरी उठणार न्हाईत. म्हणून तर बोलते मोकळेपणानं.

तर ऐक, तुला पहिल्यांदा सांगते, गावात कुणाला ठाऊक न्हाय. शुक्रवारी निपाणीहून परशराम येणार हाय. जुन्या मशीनी घेतो तो. मोटर काढणार, पट्टा काढणार, दगड टेम्पोत घालणार. — व्हय, विकली. बोलणं झालंय. आप्पांना न्हाय सांगितलं, शुक्रवारी सकाळी सांगीन. पैशासाठी विकली म्हणून सांगत फिरू नको. पैशासाठी विकायची तर मागंच विकली असती. मला बघायचंय काकी. दिवाळी आली की चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन तुम्ही सगळ्या त्या स्टॉपवर उभ्या राहिलेल्या मला बघायचंय. बाईला तिकीट न्हाय, पण डब्याला लागतं हां. कंडक्टर लगेज फाडणार. गर्दीत डबा मांडीवर घेऊन बेळगावला जाणार, तिथल्या गिरणीत नंबर लावणार, आणि तिथला माणूस सांगणार न्हाय तुला, तुझ्या भाजणीच्या आधी कुणाची मिरची दळून गेली ते. आप्पांनी आयुष्यात कधी मिरचीमागं कुणाचं दळण घातलं न्हाय. मिरचीचा वार वेगळा, त्यानंतर मशीन धुऊन, आपल्या घरचे चार किलो तांदूळ दळून टाकायचे, मगच गिऱ्हाइकाचा डबा. ते चार किलो लाल पीठ आम्ही आठवडाभर खायचो. तिखट भाकरी. मला लहानपणी वाटायचं भाकरी अशीच असती सगळ्यांकडं. तर मी काय करणार, गच्चीत खुर्ची टाकून बसणार. सव्वानऊला. आणि तुम्हाला हात करणार.

तुझ्यावर जास्त राग का, विचार की. बाकीच्या तिसांवर न्हाय, तुझ्यावरच का. पहिला हात तुझा होता म्हणून. आणि मोडलासही तूच पहिला. आणि अजून आटा घेताना तरी जरा जड वाटावं का न्हाय? ह्या गेल्या मंगळवारी काउंटरवर पैसे कमी पडले तवा तू काय काय काढून ठेवलंस? शेंगदाणे काढलेस. खोबरं काढलंस. मंगलच्या लाडवासाठी डिंक घेतलेलास, पाव किलो, हातात धरून बघत राहिलीस, आणि तोपण काढलास. मागं लोक कुरकुरत होते. सगळं काढलंस, आटा न्हाय काढलास. आटा काढला तर बादली जाते म्हणून. बाळंतपणाला आलेल्या पोरीचा डिंक मागं ठेवलास आणि —

काय?

मला कुणी सांगितलं म्हंजे? भीमरत्ननं सांगितलं. — व्हय, तो दाराशी असतो. काउंटर आतल्या बाजूला हाय, व्हय, दारातनं दिसत न्हाय, खरं हाय. मग दुसऱ्या कुणी सांगितलं असंल. एकतीस बायका जात्यात, कुणाच्या तोंडून काय आलं मी लक्षात ठेवत बसत न्हाय. तिकडं काय बघतेस? कोपऱ्यात काय हाय? पोती हायत जुनी. पोत्याखाली काय न्हाय. ते — ती बादली हाय. आप्पांच्या अंघोळीची. हिरव्या बादल्या काय एकट्या मार्टातच मिळत्यात? शनिवारच्या बाजारात ढीग असतो. झाकण? बादलीला झाकण असतं कधी कधी.

बघू नको गं अशी.

स्कार्फ बांधलेला मी. डोळ्यांपर्यंत. तुझ्या मागं दोन माणसं सोडून उभी होते. मला वाटलं तू बघितलं न्हाईस. बघितलंस ना? तवाच बघितलंस. आणि बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसून गावापर्यंत आलीस, एकदासुद्धा मागं वळली न्हाईस. मी म्हटलं, बरं झालं, ओळखलं न्हाय. आणि एक स्टॉप आधीच उतरले, शेतातनं चालत आले, बादलीवर ओढणी टाकून. उसाला पाणी सोडलेलं, चिखल होता. भीमरत्ननं तर ओळखलंच. स्कार्फनं काय होतंय, त्यानं लहानपणापासनं माप घेतलंय माझं. बिल बघितलं, शिक्का मारला आणि नजर दुसरीकडं नेली. बोलला असता तर बरं झालं असतं.

गिरणीवाल्याच्या घरात पीठ विकत. कुठं ऐकलंयस? आम्हाला कधी गहू घ्यावा लागला न्हाय काकी. दिवसाला वीस-पंचवीस दळणं झाली की मशीनीत, पट्ट्याखाली, जमिनीवर एवढं राहायचं की चाळून घेतलं तर दोघांचं भागायचं. आप्पा कुणाच्या डब्याला हात लावत न्हाईत, पण सांडलेलं आमचं. आता तीन डब्यांत काय सांडणार? गहू घ्यावा तर तू म्हणतेस तेच, आटा स्वस्त पडतो. मी शिकलेली हाय, हिशेब येतो मला. गेले तीन महिने जाते मी. आप्पा झोपले की पिशवी फोडते, जुन्या डब्यात ओतते, पिशवी चुलीत घालते. पण त्यांचे कान गेलेत, जीभ न्हाय गेली. पहिल्याच दिवशी पोळीचा घास घेतला आणि म्हणाले, हे आपल्या दगडाचं न्हाय. मी ओरडून सांगितलं, आपलंच हाय. तर म्हणाले, मग गहू कुणाचा हाय असला, वास न्हाय, चव न्हाय, कुणाच्या दळणातलं राहिलंय हे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — अक्काताई काकीच्या.

तुझंच नाव आलं तोंडात. काय करू. तेव्हापासनं रोज जेवताना म्हणत्यात, अक्काताईला सांगायला पाहिजे, गहू बदल म्हणावं, फसवतोय तिला कुणीतरी.

हसलीस? हस. आता हस. माझी पाळी हाय आता गप्प बसायची, पण बसणार न्हाय मी. तुला वाटलं असंल, पूर्णीची बादली सापडली, झालं, आता पूर्णी रडंल, पाया पडंल. मग अजून एक ऐकून जा. एवढं झालंय तर तेही होऊन जाऊ दे. तुझा जोंधळा तू इथंच दळायचीस. गहू सोडलास, जोंधळा न्हाय सोडलास, कारण भाकरी थापायला मार्टातलं पीठ चालत न्हाय. दर पंधरवड्याला तुझा तो लाल नावाचा डबा यायचा, दहा किलो. ही बघ, पीठ पडतं त्या तोंडाला ही कापडी बाही बांधलेली असती. दळण संपलं की ती तीन-चार वेळा झटकायची असती, हातानं थापटायची असती, तवा आतलं राहिलेलं पीठ डब्यात पडतं. न्हाय झटकली तर अर्धा किलो आत राहतं. जास्तच. गिऱ्हाइकाला कळत न्हाय, आपण म्हणायचं तूट आली, जोंधळा ओला होता. आप्पा सात वेळा झटकत्यात. मी मोजलंय. मी तुझ्या दळणाला बाही झटकली न्हाय. जूनपासनं. एकदाही न्हाय. तू पाठ फिरवलीस की खाली आमचं ताट धरायची आणि मग झटकायची. तुझ्या जोंधळ्याच्या भाकऱ्या खाल्ल्यात आम्ही आठ महिने, आणि आप्पा म्हणायचे, भाकरी कशी गोड लागती. गव्हाला तुझं नाव सांगितलं आणि जोंधळ्याला न्हाय सांगितलं.

आता बोल. चोर म्हण. गावाला सांग. शुक्रवारनंतर गिरणीच नसणार, कुणाला सांगशील?

काय?

ठाऊक होतं?

म्हंजे कसं ठाऊक होतं? घरी काट्यावर घालून — पहिल्याच वेळी? आणि मग आठ महिने तू परत परत... मला तोंडावर विचारायचं. हितं उभं राहून चार बायकांत विचारायचं, बाही झटक म्हणायचं. एवढं सोपं होतं. तू तर दर वेळी म्हणालीस, असू दे बाई, जोंधळा ओलाच होता. का? कशाला? पुन्हा म्हण. हळू काय बोलतेस, आप्पांसारखे माझे कान गेले न्हाईत अजून.

भंडारा.

भंडारा मोडलास म्हणून. म्हंजे दंड. तू दंड समजून सोडलंस ते. मी चोरी करत होते आणि तू तिकडं दंड भरत होतीस. मनात देवीचं नाव घेऊन भरत असशील, व्हय ना? दर पंधरा दिवसाला अर्धा किलो. आणि मला वाटायचं, मी सूड घेते. आठ महिने मला वाटत होतं, निदान एकीला तरी धडा शिकवते मी. असलं असतंय व्हय कुठं काकी? ज्याच्यावर सूड घ्यायचा त्यानं तो असा हात जोडून घ्यायचा असतो का? माझं म्हंजे काय राहिलं मग हातात? उचललेला तर मीपण होता. मीच वाटलेला. मी कुणाकडं भरू? परडी माझ्या हातात होती —

जाऊ दे. ऊठ. बादली घे तुझी.

वर कुठं बघतेस? भिंतीवर काय हाय? तो मेन स्विच हाय. खाली हाय, व्हय, दिसतंय मला. तू वळणावर दिसलीस बादली घेऊन, तवा मीच ओढला खाली. करंट सकाळपासनं हाय. पाचपर्यंत अडकवून ठेवणार होते तुला, आणि मग म्हणणार होते, आज न्हाय होत, उद्या ये. उद्या तुझी विहीणबाई येणार. बाजूला हो. हात नको लावू, मी लावते. पदर सांभाळ, पट्टा हाय तिथं.

गहू चांगला हाय गं. कुठनं आणलास? खपली हाय का? बारीक दळते. आप्पांनी परवाच टाकी लावल्यात दगडांना, पुरणपोळीला असलं पीठ बेळगावात मिळणार न्हाय. पण हे शेवटचं, सांगून ठेवते. शुक्रवारी टेम्पो येणार म्हंजे येणार. आपलं काय जुळलं न्हाय आज. मंगलला माझा निरोपबिरोप सांगू नको. दळणाचे पैसे तिथं पेटीवर ठेव आणि बादली धर बाहीखाली, नीट धर, दोन्ही हातांनी. आणि शेवटी बाही तूच झटक. सात वेळा. मी मोजीत बसणार न्हाय, मी पाठ करून उभी राहते.

लावते हां स्विच. — कोण? आप्पा कशाला उठत्यात आत्ता? व्हय, ते उठतीलच. ऐकू येत न्हाय त्यांना, पण मशीन लागली की फरशी हलती, तळपायाला कळतं. झोपेतनंसुद्धा येत्यात दारापर्यंत. आले की विचारतील, कुणाचं दळण हाय. मी सांगीन तुझं. ते तुला गव्हाचं बोलतील. म्हणतील, अक्काताई, तो गहू बदल गं, कुणीतरी फसवतंय तुला. तेवढं ऐकून घे त्यांचं. व्हय म्हण नुसतं. त्यांना काय सांगू नको, टेम्पोचं न्हाय, कोपऱ्यातल्या बादलीचं न्हाय, काही न्हाय.

काय म्हणतेस? थांब, सुरू झाली. काय? परशरामला काय? न्हाय, न्हाय ऐकू येत. बादली धर. मशीनीचा आवाज हाय काकी, मला काही ऐकू येत न्हाय.